तिरपी अक्षरे धावतात की कलंडतात?

प्रश्न : आमच्या मंडळाने कबड्डीच्या सामन्यांसाठी बॅनर करायला दिले. इंग्रजीतले ‘कबड्डी’ जाड, तिरप्या अक्षरांत टाकले की ते पळत सुटल्यासारखे दिसते. मराठीतले ‘कबड्डी’ आणि आमच्या गावाचे नाव त्याच पद्धतीने तिरपे केले, तर ती अक्षरे कलंडल्यासारखी दिसतात. दुकानदार म्हणतो, मराठीला तिरपे शोभतच नाही. हे खरे आहे का? तिरप्या अक्षरांत वेग दिसतो तो कशामुळे? मराठीत असा चांगला फॉन्ट आहे का, आणि आम्ही बॅनर कसे करावे?
– एक वाचक, रिठद (ता. रिसोड, जि. वाशिम)

उत्तर : दुकानदाराने जे पाहिले ते बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. संगणकावर ढकलून तिरपी केलेली मराठी अक्षरे बहुतेक वेळा वाईटच दिसतात. दोष मात्र लिपीचा नाही. तिरपे अक्षर मुळातच तिरपे काढावे लागते. उभ्या अक्षराला बाजूने रेटून ते मिळत नाही. इंग्रजीत हे काम फॉन्ट करणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेले असते, म्हणून ते दुकानात आयते मिळते. मराठीत ते अजून थोडेच झाले आहे. आता तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

तिरप्या अक्षरांत वेग का दिसतो?

पहिले कारण शरीराचे आहे. धावणारा माणूस पुढे झुकतो, चढाईला निघालेला खेळाडू पुढे झुकतो, ओझे ओढणारा बैलही पुढे झुकतो. उजवीकडे झुकलेला आकार डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्याला ‘निघाला’ असाच वाटतो.

दुसरे कारण कॅमेऱ्याने पुरवले. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने १९१२-१३च्या सुमारास एका शर्यतीतल्या मोटारीचे छायाचित्र घेतले. कॅमेऱ्यातली फट काचेवरून सरकेपर्यंत मोटार पुढे गेली होती, त्यामुळे तिचे गोल चाक छायाचित्रात पुढे झुकलेले, लंबगोल उमटले. लार्तिग मोटारीबरोबर कॅमेरा वळवत होता, म्हणून कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला झुकलेले दिसतात. व्यंगचित्रांतली आणि जाहिरातींतली भरधाव वाहने आजही अशीच काढतात.

तिसरे कारण हाताचे आहे. भराभर लिहिताना अक्षर झुकते. व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या मुद्रकाने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य पूर्णपणे तिरप्या टाइपात छापले. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता आणि त्याचा नमुना विद्वानांच्या व कचेऱ्यांतल्या झरझर लिहिलेल्या हस्ताक्षराचा होता. टोकांना नक्षी नसलेली रोमन अक्षरे छपाईत आली ती नंतर, १८१६मध्ये, लंडनचे टाइपकार कॅसलन यांच्या नमुनापुस्तकात. अशा साध्या अक्षराला दाखवण्यासारखी नक्षी नसते. त्याच्या हाती जाडी आणि कल एवढेच उरते. जाडीने जोर येतो, कलाने दिशा येते. खेळ, शर्यती, वाहने, व्यायामशाळा यांच्या जाहिराती ही जोडी वापरतात ती त्यामुळेच.

मग मराठी अक्षर का कलंडते?

संगणक तिरपे करतो म्हणजे अक्षराचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवतो. कल १२ अंशांचा असेल, तर १० इंच उंच अक्षराचे डोके सुमारे २ इंच सरकते. यात रेषांची जाडी सारखी राहत नाही. आडवी रेघ होती तशीच राहते. उभी रेघ जेमतेम २ टक्के बारीक होते. पण खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे चढणारी, ४५ अंशांची तिरकी रेघ सुमारे १० टक्के बारीक होते, आणि तिच्या उलट दिशेची, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ सुमारे ११ टक्के जाड होते. अक्षर जितके ठळक, तितका हा फरक डोळ्यांवर येतो.

आता तुमच्या गावाचेच नाव घ्या. ‘रिठद’मधल्या ‘र’चा पाय आणि ‘द’ची शेपटी, दोन्ही डावीकडून उजवीकडे उतरतात. रेटल्यावर ती दोन्ही जाड होतात आणि अक्षराच्या पोटाखाली ओढली जातात. त्यांचा बाहेर पडणारा फटकारा मरतो. ‘ठ’चे वर्तुळ वर उजवीकडे ताणलेले अंडे होते. त्याची एक बाजू फुगते आणि समोरची रोडावते. शिवाय या शब्दात पूर्ण उंचीची उभी रेघ एकच आहे, पहिल्या वेलांटीची. ‘ठ’ आणि ‘द’ यांना शिरोरेघेखाली आखूड दांडी मिळते, बस्स. कल ओळखू येतो तो उभ्या रेघांवरून. त्या नसल्या की डोळ्याला कल दिसत नाही, फक्त वाकडेपणा दिसतो.

याच्या शेजारी ‘वाशिम’ लिहून पाहा. ‘व’ची रेघ, काना, वेलांटी, ‘श’ची रेघ, ‘म’ची रेघ अशा पाच उभ्या रेघा एका दिशेने झुकतात आणि शब्द लगेच चालू लागतो. म्हणजे एकाच फॉन्टमध्ये, एकाच कलाने जिल्ह्याचे नाव धावते आणि गावाचे अडखळते. ‘रिठद’ नीट धावायला हवे असेल, तर ‘ठ’चे वर्तुळ पुन्हा गोलसर करून त्याची जाडी सगळीकडे सारखी करावी लागेल, आणि ‘र’ व ‘द’ यांचे पाय पुन्हा बाहेर, पुढे काढावे लागतील.

‘कबड्डी’ची अडचण आणखी वेगळी आहे. यातला ‘ड्ड’ बहुतेक फॉन्टमध्ये एकाखाली एक असा येतो. ठळक अक्षरात दोन मजले एवढ्याशा जागेत मावत नाहीत, आणि तिरपे केल्यावर खालचा ‘ड’ डावीकडे, ‘ब’च्या पायाशी सरकतो. जोडीला वेलांटीचे टोक उजवीकडे झुकते. शब्दाचा सर्वांत गजबजलेला भाग नेमका शेवटी येतो आणि तिथेच दाटी होते.

या सगळ्यावर शिरोरेघ आहे. रोमन अक्षरे जमिनीवर सुटी उभी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षर आपापले झुकते. आपली अक्षरे एका आडव्या रेघेला लटकतात. ती रेघ कितीही रेटली तरी आडवीच राहते, म्हणून डोके पुढे गेल्याऐवजी पाय मागे राहिल्यासारखे वाटतात. पट्टीचा कलाकार हे जाणतो. तो शिरोरेघेची दोन्ही टोके अक्षरांच्या कलातच कापतो, रेघ किंचित बारीक करतो, कधी मध्ये तोडतो, तर कधी सबंध ओळच उजवीकडे चढती ठेवतो.

तिरपेपणा मराठीला परका आहे का?

नाही. मोडी पाहा. मोडीत लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता एकेक अक्षर तिला जोडत जाई. त्या घाईत अक्षरे गोलावत आणि उजवीकडे झुकत. पेशवाईतल्या दफ्तरांत चिटणीशी, बिवलकरी, रानडी अशी मोडीची वेगवेगळी वळणे नांदत होती. सरकारी पत्रे, हिशेब, खरेदीखते या वेगवान लिपीत लिहिली गेली. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत जमिनीचे मोडी कागद असतील तर ते उघडून पाहा. जाडी सोडली तर तुम्ही शोधता तो वेग तिथे आहे.

मग तो छपाईत का आला नाही? कारण शिशाच्या टाइपात आहे. खिळा चौकोनी असतो आणि ओळीत शेजारच्या खिळ्याला घट्ट टेकतो. तिरपे अक्षर चौकोनात मावत नाही, त्याचे टोक बाहेर लोंबते आणि मोडते. देवनागरीत तर शिरोरेघ एका खिळ्यातून दुसऱ्यात अखंड जुळायला हवी, वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. उभ्या बाळबोध अक्षरांसाठीच शेकडो खिळे लागत. जावजी दादाजी यांनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या टाइपांनी मराठी-संस्कृत छपाईला देखणे रूप दिले. ते रूप उभे होते आणि ग्रंथासाठी तेच योग्य होते. पुढच्या पिढ्यांनी उभे अक्षर म्हणजेच मराठी अक्षर असे धरले. मजकुरात एखादा शब्द उठवायचा असेल, तर आपण तो ठळक करतो, अवतरणात घालतो किंवा खाली रेघ मारतो. त्यासाठी तिरप्या टाइपाची गरज फारशी पडलीच नाही.

ती पडली जाहिरातीत, आणि तिथे ती हाताने भागवली. भिंती, टेम्पोच्या फळ्या, कुस्त्यांच्या दंगलीचे फलक रंगवणाऱ्या पेंटरने चपट्या ब्रशने झुकती, चढती, शेवटाकडे मोठी होत जाणारी अक्षरे काढली. त्याला ‘ठ’ वेडावाकडा दिसला की तो तिथल्या तिथे दुरुस्त करी. वृत्तपत्रांत हेच काम कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी केले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके त्यांनी प्रत्येक नाटकाच्या स्वभावानुसार वेगळी रेखाटली. शीर्षक पाहूनच नाटक गंभीर आहे की हसवणारे, ते वाचकाला कळे. फ्लेक्स आल्यावर हा हात मागे पडला आणि त्याच्या जागी आडवे-तिरपे ताणण्याचे बटण आले. तुमच्या बॅनरची अडचण इथून सुरू होते.

अक्षर किती ठळक करावे?

इंग्रजी घोषणा सगळी मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिता येते. वर-खाली काही डोकावत नाही, सलग काळा ठोकळा तयार होतो. मराठीला मोठी-छोटी लिपी नाही. एका ओळीत वरचा मात्रांचा थर, मधले अक्षर आणि खालचा उकारांचा थर असे तीन मजले असतात. तेवढ्याच उंचीत मधल्या अक्षराला जागा कमी मिळते, म्हणून इंग्रजीइतकी जाडी आंधळेपणाने दिली की ‘झ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या आतली पोकळी बुजते. यावर उपाय म्हणजे उभ्या रेघा जाड ठेवून आडव्या रेघा आणि शिरोरेघ थोड्या बारीक करणे, आणि आतली पोकळी जपणे. दुरून वाचताना शब्द ओळखू येतो तो या पोकळ्यांमुळे.

डोक्याचा भार कसा सांभाळायचा, याचा एक जुना नमुना तुमच्याच भागाशी जोडलेला आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटकांचे ताम्रपट त्यांच्या पेटीसारख्या चौकोनी डोक्याच्या अक्षरांसाठी लिपितज्ज्ञांत प्रसिद्ध आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी राजाज्ञेच्या अक्षराचे डोके ठसठशीत केले आणि खालचे अंग मोकळे ठेवले. प्रसंगानुसार अक्षराला वेगळे रूप देणे ही तुमच्या मातीतलीच रीत आहे.

मराठीत फॉन्ट कोणते?

एक सोपी परीक्षा आधी करा. वर्डमध्ये मराठी शब्द निवडून इटॅलिकचे बटण दाबले आणि अक्षर झुकले, म्हणजे फॉन्टमध्ये तिरपे अक्षर आहे असे नव्हे. ते नसेल तर संगणक स्वतःच रेटून देतो. फॉन्टच्या यादीत तिरप्या वळणाची स्वतंत्र फाइल असेल, तरच कुणीतरी त्यावर काम केले आहे असे समजावे.

मोफत मिळणाऱ्यांत ‘पॉपिन्स’ पहिला पाहा. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट, त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी केली आहे. पातळपासून अतिठळकपर्यंत ९ जाड्या आणि प्रत्येकीची तिरपी जोड, असे एकूण १८ प्रकार त्यात मिळतात. वर्तुळांवर आधारलेले, नक्षी नसलेले हे अक्षर तुम्हाला हव्या त्या जातीचे आहे.

उभे पण जोरकस अक्षर घेऊन ते हाताने तिरपे करायचे असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बलू २’ आणि ‘अनेक देवनागरी’ उपयोगी पडतात. ‘अनेक’मध्ये जाडीबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते, त्यामुळे लांब शब्द चेपावा लागत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ अरुंद, उंच आहेत आणि खेळाच्या फलकाला शोभतात. ‘मोदक’ सर्वांत जाडजूड, पण तो गुबगुबीत आहे. बालजत्रेला तो छान, कबड्डीला नाही. हे सारे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून मोफत आणि कायदेशीररीत्या घेता येतात, आणि युनिकोडमध्ये आहेत.

युनिकोडचा फायदा मोठा आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला मजकूर चालत नाही. तो दुकानात पुन्हा टाइप करावा लागतो, आणि पाहुण्यांच्या नावांतल्या चुका तिथेच शिरतात. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, तुम्ही तपासा आणि तोच जसाच्या तसा वापरायला सांगा. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, ‘ळ’ नीट आहे का आणि ‘दऱ्या’ हा शब्द बरोबर उमटतो का, तेही पाहून घ्या.

आता बॅनर कसे करायचे?

तिरपी, जाड अक्षरे फक्त एक-दोन शब्दांना द्या: ‘कबड्डी’ आणि गावाचे नाव. तारीख, वेळ, ठिकाण उभ्या ठळक अक्षरांत, पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावे उभ्या मध्यम अक्षरांत. सगळेच पळू लागले तर काहीच पळताना दिसत नाही, आणि माणसाचे नाव स्वस्थपणे वाचता यावे हा त्याचा मान आहे. श्रद्धांजली, सप्ताह, लग्न यांच्या फलकांवर हे अक्षर मुळीच आणू नका.

घोषणेचे शब्दही जपून निवडा. ‘धाव’, ‘दम’, ‘जय’ यांना वर-खाली काही नाही, ते जाड आणि तिरपे सहज होतात. ‘शक्तिप्रदर्शन’सारखा शब्द वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांनी भरलेला आहे. तो उभाच ठेवा.

मोठ्या शब्दासाठी दुकानात असे सांगा. ठळक फॉन्टमध्ये शब्द घ्या आणि कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे रेखारूप करून घ्या. कल ८ ते १० अंश पुरे. २० अंशांना शब्द पडतोच. मग ‘ठ’सारखी वर्तुळे दुरुस्त करा, ‘र’ आणि ‘द’चे पाय बाहेर काढा, ‘ड्ड’मधला खालचा ‘ड’ उजवीकडे आणून त्याला हवा द्या. शिरोरेघ सलग करून तिची टोके तिरपी कापा. आडवे ताणणे पूर्ण टाळा. त्याने उभ्या रेघा फुगतात आणि शिरोरेघ तेवढीच राहते. दुहेरी कडा, सावली आणि चमक यांपैकी एकच काहीतरी ठेवा, नाहीतर तुम्ही कष्टाने जपलेली पोकळी पुन्हा बुजते.

आकाराचा ढोबळ हिशेब पाटी करणाऱ्यांत रूढ आहे: वाचण्याच्या दर १० फूट अंतराला १ इंच उंची. वाशिम-रिसोड रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटरने जाणारी एस.टी. ३ सेकंदांत ५० मीटर, म्हणजे सुमारे १६५ फूट जाते. तेवढ्या अंतरावरून ‘कबड्डी’ दिसावे असे वाटत असेल, तर शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षर १६-१७ इंच हवे. तारीख निम्म्या उंचीची चालेल. छापण्याआधी बॅनरचे चित्र मोबाइलवर बोटभर करून पाहा. तेव्हाही शब्द वाचता आला, तर रस्त्यावरून वाचता येईल.

शेवटी एक आग्रह. मंडळात एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकलेची परीक्षा दिलेली मुले असतीलच. त्यांनी अक्षरलेखनाचा सराव केलेला असतो. त्यांना चपटा ब्रश आणि मोठा कागद देऊन ‘रिठद’ तिरपे काढायला सांगा. सर्वांत चांगले रूप निवडून त्याचा फोटो दुकानात द्या, तो कोरलमध्ये गिरवून घेता येतो. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याने इंकस्केप आणि फॉन्टफोर्ज ही मोफत साधने घ्यावीत. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्था आणि आयआयटीतले डिझाइनचे केंद्र आयडीसी येथे या विषयाचे रीतसर शिक्षण मिळते. मायक्रोसॉफ्टचा ‘मंगल’ फॉन्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवत. मराठीला मन लावून काढलेली ठळक, तिरपी अक्षरे अजून पुष्कळ हवी आहेत. ‘ठ’, ‘द’ आणि ‘ड्ड’ यांच्याशी ज्यांना रोज झुंजावे लागते, त्यांनी ती काढली तर ती खरोखर धावतील.